पहिला खर्डा स्वतःचाच: सर्जनशील अनुवादात एआयची मदत कुठे घ्यावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्रजी आणि हिंदी कथांचे मराठी अनुवाद तुम्ही नुकतेच करू लागला आहात. सोबतचे काही जण मूळ मजकूर थेट एआय सहायकाला देतात, त्याच्याकडून मराठी उतरवून घेतात आणि मग त्यावर हात फिरवतात. तुम्हीही तसंच करावं का? केलं तर तो अनुवाद तुमचा म्हणता येईल का? आणि करायचं नसेल, तर या साधनाचा उपयोग तरी काय?

मी याच दोन भाषांतून मराठीत कथा-कादंबऱ्या आणते आणि चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय यांसारखे सहायक कामात नेहमी वापरते. म्हणून उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. पहिला खर्डा तुम्ही स्वतः करा, सहायकाचा मसुदा न पाहता करा. त्या खर्ड्याच्या आधी आणि नंतर सहायकाला हवं तेवढं राबवा. खर्ड्याच्या वेळी मात्र तो खोलीत नको.

मूळ वाक्य वाचल्यावर मनात त्याचं मराठी आकार घेऊ लागतं, तो काळ फार थोडा असतो. त्या वेळी चार-पाच वाटा एकदम समोर असतात. वाक्य तोडावं की लांबतं ठेवावं, जोर कुठल्या शब्दावर यावा, निवेदकाचा सूर कोरडा ठेवायचा की जवळिकीचा. तयार मसुदा डोळ्यांसमोर आला की यातल्या बहुतेक वाटा दिसेनाशा होतात. मसुदा वाईट असता तर बरं झालं असतं, आपण तो बाजूला सारला असता. तो ठीकठाक असतो आणि अडचण तिथेच आहे. ठीकठाक वाक्य एकदा कानात बसलं की आपण त्यातले शब्द बदलतो, पण वाक्याची चाल तीच राहते. पानभर शब्द बदलूनही ते पान कुणाच्याच आवाजातलं वाटत नाही.

हे केवळ माझं मत नाही. आना ग्वेर्बेरोफ-अरेनास आणि अंतोनियो तोराल या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकच इंग्रजी लघुकथा कॅटलान आणि डच भाषांत तीन प्रकारे आणली होती: निव्वळ यंत्राने, यंत्राच्या मसुद्यावर अनुवादकाने दुरुस्ती करून, आणि अनुवादकाने कुठल्याही मदतीशिवाय. सर्जनशीलतेच्या मोजमापात विनामदत अनुवाद सर्वांत वर राहिला, दुरुस्त केलेला दुसरा आला आणि यंत्राचा शेवटी. यंत्राचा मसुदा समोर ठेवला की अनुवादकाची सर्जनशीलता आखडते, असा त्यातला निष्कर्ष आहे. तोराल यांनी त्याआधी २०१९ मध्ये दाखवलं होतं की असा दुरुस्त मजकूर माणसाने मुळापासून केलेल्या अनुवादापेक्षा सोपा, सपाट होतो आणि त्यावर मूळ भाषेची छाया जास्त राहते. हे दोन्ही अभ्यास यंत्रानुवादाच्या प्रणालींवर झाले होते आणि आजचे संवादी सहायक त्यांच्यापेक्षा पुष्कळ सफाईदार लिहितात, हे मान्य. पण सफाई वाढली की मसुद्यावर विसंबण्याचा मोहही वाढतो, त्यामुळे धोका कमी झालाय असं मला वाटत नाही.

मराठीत हे नेमकं कुठे बोचतं ते जवळून पाहू. समजा, इंग्रजी कथा प्रथमपुरुषी आहे आणि निवेदक पुरुष की स्त्री हे लेखकाने मुद्दाम बऱ्याच पानांपर्यंत कळू दिलेलं नाही. इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे तिकडे हे सहज साधतं. हा परिच्छेद सहायकाला दिला की साधारण असं मराठी येतं: ‘मी दारापाशी थांबलो. आत कोणीतरी असल्याची जाणीव मला झाली. मी हळूच कडी काढली.’ अर्थ कुठेही चुकलेला नाही. पण ‘थांबलो’ म्हणताक्षणी निवेदक पुरुष ठरला आणि लेखकाने पुढच्या पानांसाठी राखलेली गोष्ट पहिल्याच ओळीत उघडी पडली. सहायकाने हा निर्णय आपल्याला न विचारता घेतला, आणि घेतला हे सांगितलंही नाही. घाईत हात फिरवणाऱ्याच्या नजरेतून हे सहज सुटतं, कारण वाक्य शुद्ध आहे.

आता हेच स्वतः लिहायला बसलं की मराठीचं व्याकरण आपल्याला वाट काढून देतं. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ बहुधा कर्त्याचं लिंग सांगत नाही: ‘मी दार उघडलं’, ‘मी पत्र वाचलं’. ‘मला वाटलं’, ‘मला आठवतं’ ही रचनाही सांगत नाही. ‘मी जाईन’ चालतं, ‘मी जात असे’ चालतं. धोका असतो तो ‘उठलो-उठले’, ‘जातो-जाते’, ‘होतो-होते’ इथे. शिवाय ‘विसरणे’, ‘शिकणे’ यांसारखी काही क्रियापदं सकर्मक असूनही कर्त्याच्या मागे जातात, तिथे जपावं लागतं. ‘म्हणालो-म्हणाले’ला ‘म्हटलं’ हा सोपा पर्याय आहे. हे सगळं मनात ठेवून तो परिच्छेद असा होऊ शकतो: ‘दारापाशी पाय थबकले. आत कुणीतरी होतं. कडी हळूच काढली.’ ‘मी’ जवळजवळ गायब झाला आणि प्रसंगातली धास्ती उलट वाढली. लिंग लपवण्याच्या अटीतून वाक्याला नवी चाल मिळाली. मसुद्यावर हात फिरवताना ती सापडणं फार कठीण असतं.

याच कामात सहायक नंतर उपयोगी पडतो. माझा खर्डा झाला की मी त्याला विचारते: या प्रकरणात निवेदकाचं लिंग कुठल्या कुठल्या शब्दातून कळतं, त्यांची यादी दे. क्रियापदं तो बऱ्यापैकी शोधतो. ‘एकटाच’, ‘दमलेला’ यांसारखी विशेषणं त्याच्याकडून राहून जातात, ती आपण शोधायची. तरीही डोळ्यांना सवय झालेल्या पानावर दुसरी नजर फिरते, आणि तिची किंमत मोठी आहे.

‘तू’ आणि ‘तुम्ही’चा प्रश्न याहून व्यापक आहे, कारण तो जवळजवळ प्रत्येक इंग्रजी कथेत येतो. तिकडे एकच सर्वनाम. इकडे तू, तुम्ही, आपण. त्यातही ‘आम्ही’ की ‘आपण’, म्हणजे ऐकणाऱ्याला आपल्यात धरलं की वगळलं. सहायक हे प्रत्येक उत्तरात नव्याने ठरवतो. एका पानावर नवरा-बायको एकमेकांना ‘तू’ म्हणतात, पुढच्या पानावर ती त्याला ‘तुम्ही’ म्हणू लागते, आणि कथेत काहीच घडलेलं नसतं. म्हणून अनुवादाला बसण्याआधी संबोधनांचा तक्ता करा: कोण कुणाला काय म्हणतं, आणि ते कुठल्या प्रसंगात बदलतं. दोन अनोळखी माणसं ‘तुम्ही’वरून ‘तू’वर नेमकी कधी येतात हा कथेच्या काळजाशी जाणारा निर्णय आहे आणि मूळ लेखकाने तो तुमच्यासाठी घेऊन ठेवलेला नसतो. सहायकाकडून इथे एक चांगलं काम करून घेता येतं. मूळ मजकूर देऊन त्या दोघांमधले सगळे संवाद क्रमाने काढून मागायचे, अनुवाद न करता. सगळे संवाद एकाखाली एक दिसले की नातं कुठे वळतं ते लख्ख कळतं. यादी मुळाशी ताडून घ्या, एखादा संवाद गळलेला असू शकतो.

खर्ड्याआधीच्या मदतीबद्दल बोलताना एक सवय मी आग्रहाने सुचवेन. मूळ समजून घेताना सहायकाशी मूळ भाषेतच बोला. कथा इंग्रजी असेल तर प्रश्न इंग्रजीत आणि उत्तरही इंग्रजीतच मागा. ‘या वाक्याचे किती अर्थ लागू शकतात’, ‘हे पात्र इथे चिडलंय की चिडवतंय’, ‘हा शब्द त्या काळात कुठल्या थरातली माणसं वापरत’, ‘ही धार्मिक ग्रंथातली ओळ आहे का’ असे प्रश्न विचारा आणि सोबत स्पष्ट लिहा की अनुवाद देऊ नकोस. यामुळे अर्थ कळतो आणि मराठी शब्द मात्र कानात शिरत नाहीत. गुंतागुंतीच्या वाक्यरचना, परकी वाक्प्रचार, एखाद्या व्यवसायातली बोली, जुनी मापं आणि वस्तू, यांसाठी हा सहायक खरोखर मोठी सोय आहे. पूर्वी ज्या एका वाक्यासाठी जाणकार माणूस शोधत फिरावं लागे, त्याचा प्राथमिक उलगडा आता बसल्या जागी होतो.

प्राथमिक हा शब्द जपून वापरते आहे. सहायक ज्या आत्मविश्वासाने बरोबर सांगतो, त्याच आत्मविश्वासाने चुकीचंही सांगतो. विशेषतः मराठी शब्दांचे जुने अर्थ, व्युत्पत्ती आणि म्हणी यांबाबत तो बेधडक रचतो. ‘मराठीत अशी म्हण आहे’ असं सांगून जी देतो ती कधी कधी कुणीच कधी म्हटलेली नसते. अशा वेळी मोल्सवर्थचा १८५७ च्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडा. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात दोन्ही ऑनलाइन शोधता येतात. कोशात चाळताना शेजारचे चार शब्द दिसतात आणि ते पुढे कधीतरी उपयोगी पडतात. नवोदित अनुवादकाची शब्दसंपदा अशीच वाढते, म्हणून हा वेळ वाचवू नका.

सहायकाच्या मराठीत दोन छाया ओळखायला शिका. एक इंग्रजीची. ‘त्याच्याद्वारे सांगण्यात आले’, प्रत्येक नामाआधी चिकटलेलं ‘एक’, ‘आपले हात आपल्या खिशात घालून’, जिथे ‘खिशात हात घालून’ एवढं पुरतं. ‘तिचे डोळे अश्रूंनी भरले’, जिथे ‘तिला भरून आलं’ किंवा ‘डोळे भरून आले’ म्हणायला हवं. दुसरी छाया हिंदीची, आणि ती जास्त फसवी. लिपी एक, इंटरनेटवर हिंदी मजकूर मराठीहून कितीतरी अधिक, त्यामुळे हिंदी वळणं सहज घुसतात. ‘मी आपली मदत करतो’ हे त्याचं नेहमीचं वाक्य. वाहतुकीसाठी ‘यातायात’, प्रयत्नासाठी ‘चेष्टा’, जगासाठी ‘संसार’. हे तिन्ही शब्द मराठीत आहेत, पण वेगळ्या अर्थाचे, म्हणून शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनालाही ते सापडत नाहीत. हिंदीतून अनुवाद करत असाल तर हा धोका दुप्पट धरा.

आता खर्ड्यानंतरचं काम. सहायकाचा खरा उपयोग मला इथे होतो. माझी सूचना साधारण अशी असते: ‘खाली मूळ परिच्छेद आणि त्याचा मराठी अनुवाद आहे. मराठी सुधारू नकोस, पर्यायी वाक्यं देऊ नकोस. मुळातलं काय गळलंय, काय जास्तीचं आलंय आणि कुठे अर्थ सरकलाय, एवढंच वाक्यागणिक सांग. खात्री नसेल तिथे तसं लिही.’ ‘सुधारू नकोस’ हे लिहिलं नाही तर तो पहिल्याच दमात सगळं गुळगुळीत करून देतो. आपण मुद्दाम खडबडीत ठेवलेलं वाक्य, दोनदा आलेला शब्द, अर्धवट सोडलेलं वाक्य, सगळं सरळ होऊन येतं. तपासनीस म्हणून मात्र तो दमत नाही. सुटलेलं वाक्य, चुकलेला आकडा, ‘क्वचित’चं ‘कधीच नाही’ झालेलं, एखाद्या पात्राचं बदललेलं नाव, हे तो पकडतो. त्याच्या यादीतल्या बऱ्याच तक्रारी गैरलागू असतात, कारण आपण जाणूनबुजून केलेला बदलही त्याला चूक वाटतो. त्या वाचताना प्रत्येक निर्णय आपण का घेतला हे पुन्हा एकदा स्वतःला सांगावं लागतं, आणि त्यातून निर्णय पक्का होतो किंवा बदलतो.

‘माझा अनुवाद कसा वाटला’ असं मात्र कधी विचारू नका. सहायकाचा कल विचारणाऱ्याला खूश ठेवण्याकडे असतो, त्यामुळे कौतुक मिळेल आणि हाती काही लागणार नाही. दोन पर्यायांत निवड करायची असेल तर दोन्ही निनावी द्या, कुठला आपला हे सांगू नका, आणि कोणत्यात मुळातलं काय हरवलं एवढंच विचारा. मग नव्या संभाषणात क्रम उलटा करून पुन्हा विचारा. हे सहायक कधी कधी केवळ आधी दिलेल्या पर्यायाकडे झुकतात. क्रम बदलल्यावर मत बदललं तर त्या मताला वजन देऊ नका.

उलटा अनुवाद हीही एक चाचणी आहे. नव्या संभाषणात, मूळ न देता, आपलं मराठी पान देऊन त्याचं इंग्रजी मागायचं आणि ते मुळाशी ताडायचं. अर्थाची गळती यात दिसते. शैलीबद्दल यातून काही कळत नाही, कारण उलटताना सहायक सगळ्यांचीच भाषा आपल्या सारखेपणात ओढतो.

मजकूर देताना तुकडे लहान ठेवा, एखादा प्रसंग किंवा पान-दीड पान. यामागचं कारण माहीत असलेलं बरं. हे सहायक मजकूर अक्षरांनी वाचत नाहीत, ‘टोकन’ नावाच्या तुकड्यांनी वाचतात, आणि देवनागरी मजकुराचे तुकडे त्याच आशयाच्या इंग्रजीपेक्षा बहुधा जास्त पडतात. लांब प्रकरण दिलं की शेवटाकडे वाक्यं गळतात, परिच्छेद एकत्र होतात, तपासणी वरवरची होते. वाक्यं आणि परिच्छेद मोजून ताडण्याची सवय ठेवा.

याच टोकनांमुळे छंदाच्या कामात त्याच्यावर अजिबात भिस्त ठेवू नका. अभंगाच्या मोठ्या प्रकारात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक, हा नियम तो अचूक सांगतो. लिहायला गेला की सातवं अक्षर घुसतं किंवा पाचातच चरण संपतो, आणि तरीही तो ‘सहा अक्षरे’ असं ठासून लिहितो. जोडाक्षर एक अक्षर धरायचं हेही मध्येच विसरतो. अक्षरं आणि मात्रा बोटांवरच मोजा. कवितेत मी त्याच्याकडून मुळातल्या प्रतिमांचे संदर्भ आणि ध्वनीच्या पुनरावृत्तीच्या जागा तेवढ्या काढून घेते.

शब्दखेळांच्या बाबतीत मात्र तो चांगला सोबती आहे, फक्त मागणी नीट हवी. एक प्रसंग सांगते. हिंदी कथेत एक म्हातारी मुलाची वाट पाहते आहे. कुणीही विचारलं, तो कधी आला, कधी येणार, की तिचं एकच उत्तर: ‘कल’. हिंदीत ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही. शेवटी ती पुन्हा ‘कल’ म्हणते आणि मुलगा येऊन गेलाय की यायचाय हे वाचकालाच नव्हे, तिलाही ठाऊक नाही, हे त्या एका शब्दातून कळतं. मराठीत ‘काल’ लिहा किंवा ‘उद्या’ लिहा, कथा तिथेच संपते. सहायकाला नुसतं ‘याचा अनुवाद कर’ म्हटलं की ‘काल’ किंवा ‘उद्या’ येतं, फार तर ‘कधीतरी’. म्हणून अनुवाद मागण्याऐवजी मागणी वेगळी केली: काळाच्या दोन्ही बाजू दाखवणारे, म्हातारी सहज बोलेल असे, एका शब्दाचे वीसएक मराठी पर्याय दे. त्या यादीत बहुतेक शब्द निरुपयोगी होते, पण त्यात ‘परवा’ होता. परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस आणि उद्यानंतरचाही.

शब्द मिळाल्यावर खरं काम सुरू झालं. ‘परवा’ आला की अंतर एका दिवसाचं दोन दिवसांचं होतं. मग ‘कालच तर म्हणालीस’ अशा अर्थाची जी वाक्यं इतर पात्रांच्या तोंडी होती ती सगळी पुन्हा जुळवावी लागली. शिवाय मराठी माणूस ‘परवा’ सैलसरपणेही वापरतो, ‘परवाच भेटला होता’ म्हणताना तो नेमका दिवस सांगत नसतो. ती सैलता कथेच्या कामी आली. म्हातारीच्या मनात काळ विरघळत चालला आहे, ते त्या शब्दाने अधिकच नीट सांगितलं. यातला एकही निर्णय सहायकाचा नव्हता. त्याने यादी पुढे केली आणि त्या यादीतून उचलावं काय हे मला कळलं ते खर्डा स्वतः केल्यामुळे, ती म्हातारी तोवर माझ्या ओळखीची झाल्यामुळे.

बोलींबद्दल थोडक्यात सांगते. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी यांत संवाद लिहून मागितले तर तो ‘म्या’, ‘हाय’, ‘व्हय’ यांची एकच सरमिसळ देतो, कुठल्याच गावची नसलेली. ज्यांची ती बोली आहे त्यांच्या मनाला ते लागतं. बोली हवी असेल तर ती बोलणाऱ्या माणसाकडून आणि त्या बोलीतल्या साहित्यातून घ्या.

आता हक्कांकडे येते. कॉपीराइटची मुदत संपेपर्यंत मूळ कृतीचा अनुवाद करण्याचा आणि तो करू देण्याचा हक्क लेखकाचा आहे. कॉपीराइटबद्दलच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातच तो मान्य झालेला आहे आणि साधन कुठलंही वापरलं तरी त्यात फरक पडत नाही. परवानगीशिवाय केलेला अनुवाद तुम्ही हाताने करा वा सहायकाकडून करून घ्या, प्रसिद्ध करता येणार नाही. अप्रकाशित हस्तलिखित असेल तर ते सहायकात टाकण्याआधी प्रकाशकाची आणि लेखकाची लेखी संमती घ्या. तुम्ही वापरत असलेल्या सेवेत संभाषणं पुढच्या प्रशिक्षणासाठी वापरली जातात का, ते सेटिंगमध्ये पाहा आणि बंद करता येत असेल तर बंद करा. कंत्राटात यंत्राच्या वापराबद्दल कलम आहे का तेही वाचा. आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही: प्रसिद्ध कृतीचा अनुवाद मागितला तर सहायकाने प्रशिक्षणात वाचलेला एखादा छापील अनुवाद त्याच्या उत्तरात उतरू शकतो. ते वाक्य दुसऱ्या अनुवादकाच्या मेहनतीचं आहे आणि तुम्हाला ते कळणारही नाही. अभिजात कृतींच्या बाबतीत पहिला खर्डा स्वतः करण्याचं हे वेगळं आणि भक्कम कारण आहे.

अनुवाद तुमचा म्हणता येईल का, याचं कायदेशीर उत्तर देशागणिक बदलतं. दिशा कळण्यासाठी एक उदाहरण देते. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केलं की संरक्षण मानवी निर्मितीला मिळतं आणि यंत्राने तयार केलेला भाग नोंदणीत वेगळा सांगावा लागतो. म्हणजे यंत्राच्या मसुद्यावर किरकोळ हात फिरवून उभा केलेला मजकूर तुमचा ठरवताना अडचण येऊ शकते. मी संपादकाला कामाच्या सुरुवातीलाच लिहून कळवते: खर्डा माझा, तपासणीसाठी अमुक सहायक वापरेन, हस्तलिखिताचा इतकाच भाग त्यात जाईल. यावर आजवर कुणी हरकत घेतलेली नाही, आणि घेतली तर मी सहायकाशिवाय काम करेन.

तुम्ही विचारलं नाहीत, पण लवकरच समोर येईल म्हणून मोबदल्याबद्दल सांगते. ‘मसुदा आम्ही यंत्राकडून काढून देतो, तुम्ही फक्त पोस्ट-एडिटिंग करा’ असं सांगून कमी दर देणारी कामं येतात. माहितीपर मजकुरासाठी ते जमेल तर करा. कथा-कवितेसाठी घेऊ नका. मसुद्यातली चाल मोडून नवी बसवायला मुळापासून लिहिण्याइतकाच वेळ जातो, कधी जास्त, आणि पुस्तकावर नाव तुमचं येतं. घ्यावंच लागलं तर एक प्रसंग नमुन्यादाखल करून त्याला लागलेला वेळ मोजा आणि दर शब्दांवर न मागता तासांवर मागा.

हे सगळं माझ्या सांगण्यावरून मानू नका, स्वतः पडताळून पाहा. कॉपीराइटची मुदत संपलेली एखादी कथा घ्या, शक्यतो मराठीत न आलेली. त्यातला एक संवादाचा आणि एक वर्णनाचा असे दोन प्रसंग निवडा. संवादाचा प्रसंग आधी स्वतः अनुवादित करा आणि मग सहायकाकडून तपासून घ्या. वर्णनाच्या प्रसंगाचा मसुदा आधी सहायकाकडून घ्या आणि मग त्यावर हवं तेवढं काम करा. दुसऱ्या कथेत हीच पद्धत उलटी करा, म्हणजे प्रसंगाच्या प्रकारामुळे निकाल फिरणार नाही. मग ही पानं काही दिवस बाजूला ठेवून द्या आणि नंतर चांगलं वाचणाऱ्या एखाद्या माणसाला, कुठलं पान कसं झालं हे न सांगता, मोठ्याने वाचायला द्या. तुम्ही हातात पेन्सिल घेऊन बसा आणि तो जिथे अडखळतो, जिथे नकळत शब्दांची अदलाबदल करून वाचतो, तिथे खूण करत जा.